वळचणीखालचा उजेड

आयोवातल्या एल्ड्रेड गावात लॉवेल ब्राटलँडच्या हातचा दिवा नाही असं घर शोधून सापडणार नाही. आणि त्या दिव्याखाली बसून ज्याने कधी एक ओळ वाचली आहे, असा माणूसही सापडणार नाही. मात्र हे दुसरं वाक्य गावात आजवर कोणी उच्चारलेलं नव्हतं. एल्ड्रेडची माणसं फार सभ्य. यांचे पणजोबा नॉर्वेहून निघाले तेव्हा बोटीत अंथरूण-पांघरूण, बायबल, खारवलेला मासा सगळं भरलं, तोंडावर खरं बोलायची सवय तेवढी बंदरावर ठेवून आले. कुणाचं रांधलेलं घशाखाली उतरेना झालं की हे म्हणणार, "वा, असं कधी खाल्लं नव्हतं!" वादळात छप्पर उडालं की म्हणणार, "जरा वारा होता." कॉफी विचारली की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "आता इतकं म्हणताय तर अर्धा कप" म्हणत बसायचं आणि किटली रिकामी करून उठायचं. विचारणाऱ्यानेही तीनदा विचारायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणजे तुम्ही त्या माणसाला दार दाखवलंत, असा इथला हिशेब.

लॉवेल हायस्कुलात पोरांना मोटार चालवायला शिकवायचा. आरशात बघायचं, मग वळायचं, हे अर्ध्या गावाला त्यानेच शिकवलं. निवृत्त झाल्यावर इतर लोक मासे धरतात, नाही तर थंडीत अरिझोनाला जाऊन भाजून घेतात. लॉवेल गॅरेजमध्ये शिरला तो शिरलाच. याला कारण गावातली जुनी बँक. शंभर वर्षांपूर्वीची ती प्रेरी पद्धतीची इमारत बुटकी, लांबलचक आणि सपाट छपराची. छपराची वळचण चारी बाजूंनी इतकी पुढे आलेली की रस्त्यावरच्या कुत्र्यानेही सावलीला बसावं. भोवतालची जमीन ताटासारखी सपाट, तेव्हा घरानेही जमिनीसारखं आडवं पसरून राहावं, असा त्या वास्तुकारांचा विचार. विचार थोर होता. पण पावसाचं पाणी काही थोर विचार करत छपरावर बसून राहत नाही, ते खाली येतं. हल्ली तिथे विम्याचं ऑफिस आहे, आणि बर्फ वितळायला लागला की एजंट टेबलांवर बादल्या मांडतो. तरी लॉवेलचा त्या इमारतीवर लहानपणापासून जीव. एवढी मोठी इमारत घरात मावणार नाही, म्हणून त्याने तिचे दिवे करायला घेतले.

दिवे देखणे व्हायचे, हे कबूल करायलाच हवं. पांढऱ्या ओकचं लाकूड अशा अंगाने चिरून आणायचा की फळीवर वाघाच्या अंगावरचे पट्टे उमटलेले दिसावेत. रंधा मारून हाताला रेशीम लागावं इतकं गुळगुळीत करायचं. चेरीच्या बारीक पट्ट्यांना पटाशीने खाचा पाडायच्या आणि एकीत एक बसवायच्या. खिळा नाही, स्क्रू नाही. मग सगळं प्लॅस्टिकच्या तंबूत घालून अमोनियाचा धूर द्यायचा, म्हणजे ओक रंग न लावता आपोआप खमंग तपकिरी होतो. गॅरेजला लागूनच धुण्याची खोली होती, त्यामुळे ब्राटलँडांच्या घरातल्या चादरींना वर्षभर गोठ्याचा वास यायचा. पाहुण्यांनी नाक मुरडलं की त्याची बायको अर्डिस म्हणायची, "थंडीत दारं बंद असतात ना, म्हणून."

दिव्याचा चौकोनी पाया, चौकोनी खांब आणि वर टोपीऐवजी बँकेचं छप्पर. छपराखाली अभ्रकाचे मधाच्या रंगाचे पत्रे. लॉवेलला दर नव्या दिव्याला वळचण थोडी कमी पडलीशी वाटायची, म्हणून पुढच्या दिव्याला तो ती आणखी पुढे काढायचा. शेवटी शेवटी तर दिवा लावला तरी उजेड म्हणून असा बाहेर यायचाच नाही. अभ्रकातून गाळून गाळून जो काही उरेल तो मुकाट खांबावरून खाली उतरायचा आणि दिव्याच्या पायाशी बसून राहायचा. लग्न, बारसं, नवं घर, काही निघालं की लॉवेल दिवा घेऊन हजर. "अरे बापरे लॉवेल, कशाला एवढा त्रास घेतलास?" लोक म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे.

घराघरांतून त्याला एक गोष्ट दिसायची. त्याचा दिवा टेबलावर ऐटीत उभा, पण त्याच्या चौकोनी पायाभोवती धुळीत उमटलेलं एक गोल कडं. गोल बुडाचं काही तरी तिथे वर्षानुवर्षं बसलेलं असावं, आणि लॉवेलच्या गाडीचा आवाज ऐकून आत्ताच धावतपळत आतल्या खोलीत गेलेलं असावं, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. लॉवेलला वाटायचं, लोक आपला दिवा कौतुकाने या खोलीतून त्या खोलीत फिरवत असतील.

असाच एक दिवा त्याने सहा वर्षांपूर्वी चर्चला दिला होता. अर्डिस तिथे ऑर्गन वाजवायची. लग्नाच्या आधीपासून वाजवत होती. ऑर्गन एका कोपऱ्यात, जवळ खिडकी नाही. त्यावर पूर्वी एक पितळी नळकांड्याचा दिवा होता, दिसायला दंतवैद्याच्या खोलीतला. लॉवेलने समारंभाने आपला नवा दिवा तिथे ठेवला, खाली नावाची पट्टी लावली, पाद्रीबाईंनी प्रार्थना म्हटली, तळघरात हॅमची सँडविचेस झाली. पुढे पाच-सहा वर्षं काहीच बिघडलं नाही, कारण अर्डिसला सगळी स्तोत्रं पाठ होती. तिने डोळे मिटून वाजवलं असतं तरी चाललं असतं. तसंच वाजवत होती म्हणा ना.

मग गेल्या शरद ऋतूत चर्चने स्तोत्रांचं नवं पुस्तक आणलं. नव्या चाली, बारीक छपाई. आणि अर्डिस चुकायला लागली.

आधी एखादा सूर, मग ओळच्या ओळ. म्हाताऱ्या नट्सनच्या अंत्यविधीला तिसऱ्या कडव्यात गाडी भलत्याच सुरात गेली, तेव्हा शवपेटी उचलणारे सहा जण क्षणभर थबकले. दुसरं गाव असतं तर कुजबूज झाली असती. एल्ड्रेडमध्ये काय झालं? तिला वाईट वाटू नये म्हणून सगळी मंडळीही तिच्याबरोबर बेसूर गायली. पुढच्या रविवारीही गायली. नाताळपर्यंत त्या चर्चमध्ये दर रविवारी एकमताने बेसूर गाणं होऊ लागलं. बाहेर पडताना प्रत्येक जण अर्डिसचा हात हातात घेऊन सांगायचा, "आज गारठा फार आहे, नाही?"

लॉवेलला एकच कोडं पडायचं. दर गुरुवारी अर्डिस सरावाला जायची आणि तो बाहेर गाडीत वाट बघत बसायचा. भिंतीआडून तीच नवी स्तोत्रं ऐकू यायची, आणि एकही सूर इकडचा तिकडे नसायचा. रविवारी मात्र ती लोकांसमोर बसली की सगळी वाट लागायची. घाबरत असेल, त्याने ठरवून टाकलं. वय झालं, दुसरं काय. त्याने घरी विचारलंही, "अगं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यायचं का?"

"गेले होते. डोळे ठीक आहेत म्हणाला. चांगल्या उजेडात वाचा म्हणाला."

"मग हॉलमधल्या दिव्याजवळ बसत जा ना."

"हो, बसते की," अर्डिस म्हणाली, आणि बटाटे घेऊन खिडकीशी गेली.

मार्चमध्ये अर्डिस कमिटीपुढे गेली आणि म्हणाली, "मला वाटतं, आता कोणी तरी तरुण माणसाने ऑर्गनवर बसावं." कमिटीचा अध्यक्ष डेल्मर व्हिग, गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा, अंगाने भलादांडगा आणि जिवाने भित्रा. तो म्हणाला, "छे छे, अर्डिस, असं काय बोलतेस!" ती दुसऱ्यांदा म्हणाली, "नाही, खरंच, मी आता थांबते." आता डेल्मरने तीनदा होईपर्यंत नको म्हणायचं, तिने "आता इतकं म्हणताय तर" म्हणायचं, आणि सगळ्यांनी कॉफी प्यायची, हे जन्मल्यापासून प्रत्येकाला ठाऊक. पण डेल्मरला त्या अंत्यविधीतलं तिसरं कडवं आठवलं असावं. तो बोलून गेला, "तुझं ठरलंच असेल तर मग..."

अर्डिस घरी आली, कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, "ते हो म्हणाले."

"दुसऱ्यांदाच?" लॉवेलने विचारलं.

"दुसऱ्यांदाच. जाऊ दे. बरंच झालं, गुरुवार मोकळा होईल."

ती रडली नाही. पण त्या रात्री तिने खजुराच्या वड्या केल्या आणि साखर घालायची विसरली. लॉवेलने तीन खाल्ल्या आणि छान झाल्या आहेत म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी डेल्मर गॅरेजच्या दारात येऊन उभा. हवापाणी झालं, चिखल झाला, मक्याच्या पेरणीचं झालं. मग तो टोपी फिरवत म्हणाला, "लॉवेल, निरोपाला अर्डिसला काही तरी द्यावं असं कमिटीला वाटतं. म्हणजे, तिला आवडेल असं. तर... तुझ्या हातचाच एक दिवा. घरी पियानोवर ठेवायला. ऑर्गनवर आहे ना, अगदी तसाच."

लॉवेलचा ऊर भरून आला हो. बायकोची नोकरी गेली ते दुःख एकीकडे, आणि कमिटीने दिवा मागितला तो आनंद एकीकडे, आणि खरं सांगायचं तर आनंदाचं पारडं जरा जड होतं. "जोडीला जोड करतो," तो म्हणाला. "वळचण तेवढी अंमळ मोठी घेतो."

"घे की," डेल्मर म्हणाला. आणखी काय म्हणणार?

मापं घ्यायला लॉवेल चर्चमध्ये गेला तेव्हा अर्डिस केस कापायला गेली होती. चर्चमध्ये कोणी नव्हतं. इतकी वर्षं तो मागून तिसऱ्या बाकावर बसत आलेला, ऑर्गनच्या स्टुलावर आज पहिल्यांदाच बसला. मापं घेण्याआधी त्याने दिवा लावला. काय सुंदर दिसत होता! अभ्रक मधासारखं पेटलं, ओकवरचे पट्टे जिवंत झाले, ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सोनेरी झाक पडली. लॉवेल स्वतःवर खूश होऊन थोडा वेळ बघत राहिला. मग समोर नवं पुस्तक उघडं होतं, त्यावर सहज नजर गेली.

पानावर काही नव्हतं. म्हणजे असणार, पण दिसत नव्हतं. वळचण नेमकी पानावर आली होती आणि तिच्या सावलीत ते नोटेशन मेलेल्या मुंग्यांसारखं अंधारात पडलं होतं. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. पुढे वाकला. मान तिरकी केली. नाक कागदाला लागलं तेव्हा एक सूर दिसला. पण नाक कागदाला लावून हात पट्ट्यांवर कसे ठेवायचे?

आता लॉवेल हट्टी माणूस. पहिला विचार त्याच्या मनात आला तो हा, की जुना पितळी दिवा याहून वाईट असणार. तोही लावून बघू, म्हणजे शंका फिटेल. एल्ड्रेडच्या चर्चमधून आजवर काहीही फेकलेलं नाही. तो तळघरात गेला, जिन्याखालचं कपाट उघडलं. नाताळच्या नाटकातले मेंढपाळांचे झगे, मोडक्या खुर्च्या, सगळ्यावर धूळ. आणि पुढेच, हाताला येईल असा, तो पितळी दिवा. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. वायर नीट गुंडाळलेली, आणि तिला पावाच्या पिशवीची हिरवी तार पिळून बांधलेली. दोन वेढे आणि टोक आत. चाळीस वर्षं त्याच्या घरातली प्रत्येक वायर, प्रत्येक पिशवी, प्रत्येक सुतळी अशीच बांधलेली होती.

तो मेंढपाळांच्या झग्यांवर मटकन बसला. गुरुवारचं न चुकलेलं वाजवणं, तिचं खिडकीशी बटाटे सोलणं, आणि गावभर दिव्यांभोवती धुळीत उमटलेली ती गोल कडी, सगळं एकदम त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं. त्याला लाज वाटली, कान तापले. रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना, म्हणून जास्तच आला. बाईने ऑर्गन सोडला, जो ती वीस वर्षांची असल्यापासून वाजवत होती, पण नवऱ्याला "तुझ्या दिव्याखाली दिसत नाही" हे चार शब्द बोलली नाही! असली कसली ही माया? आणि आपण तरी कधी विचारलं?

निरोपाच्या रविवारी तो बर्फ झाडायच्या निमित्ताने चर्चला लवकर गेला. अर्डिस नंतर आली, कोपऱ्यात वळली आणि थांबली. ऑर्गनवर पितळी दिवा जळत होता. पान दुधासारखं पांढरं दिसत होतं. तिने वळून मागून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. लॉवेल कार्यक्रमपत्रिका वाचत होता, उलटी धरून.

अर्डिस बसली आणि वाजवू लागली. एक सूर चुकला नाही. मंडळीची मात्र त्रेधा उडाली. इतक्या महिन्यांची सवय, ते आपले प्रेमाने बेसूर गात सुटले आणि ऑर्गन सरळ रस्त्याने पुढे निघून गेला. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे कसेबसे धापा टाकत त्याच्यामागे आले. डेल्मर पहिल्या बाकावर लालबुंद होऊन बसला होता.

तळघरात केक मांडला होता. वर बटाट्याचे गोळे लावून ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश होतं, गाजर घातलेली हिरवी जेली होती, आणि टेबलाच्या मधोमध कापडाखाली भेट होती. डेल्मरने घसा साफ केला. "तर, अर्डिस, आज फारच... म्हणजे आज हवा छान होती. ही तुला आमच्याकडून, आणि लॉवेलकडून."

कापड काढलं. खाली नवा दिवा नव्हताच. ऑर्गनवरचाच तो, नावाच्या पट्टीसकट.

लॉवेलने पुढे होऊन तो लावला आणि तळघरातले बाकीचे दिवे बंद केले. मग कार्यक्रमपत्रिका डेल्मरच्या हातात दिली.

"वाच," तो म्हणाला.

"अं... उजेड किती उबदार आहे, लॉवेल."

"उबदार राहू दे. वाच."

"वातावरण किती छान..."

"डेल्मर, तुला मी गाडी शिकवली. समोर भिंत दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं, असं शिकवलं होतं. वाच."

डेल्मरने कागद छपराखाली धरला, वर धरला, डोळ्यांना लावला. शेवटी तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "नाही रे दिसत."

"हिलाही दिसत नव्हतं," लॉवेल म्हणाला. आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "हिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, वयालाही नाही. माझ्या दिव्याने झालंय हे. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तुम्ही हिला घालवलंत, पण मला बोलला नाहीत."

मग स्वयंपाकघर सांभाळणारी व्हर्ना झारा हातात धरूनच बोलली, "मला ठाऊक होतं, बाई. गुरुवारी तिला कपाटातून तो दिवा काढताना मी बघायची. काय बोलणार? मी आपली तिच्यासाठी वडी ठेवून जायची." एवढ्यावर थांबावं की नाही? पण बांध फुटला तो फुटलाच. "लॉवेल, आता निघालंच आहे तर सांगते, आमच्याही घरचा तसाच आहे. कपाटात असतो. तू आलास की काढतो." कोपऱ्यातून कोणी म्हणालं, "आमच्या दिव्याच्या छपरावर मांजर झोपतं." दुसरं म्हणालं, "आम्ही त्याच्यावर टोप्या ठेवतो." पाद्रीबाईंनीही हळूच हात वर केला. लॉवेलने एक खरा शब्द मागितला होता. गावाने त्याला सगळी बाकी एकदम चुकती केली, आणि वर प्रत्येक जण "पण लाकूड सुंदर आहे हं" म्हणायला विसरला नाही.

डेल्मर अर्डिससमोर येऊन उभा राहिला. "अर्डिस, तू परत ऑर्गनवर बसावंस असं आम्हाला वाटतं."

"नको रे, आता कोणी तरी तरुण..."

"अर्डिस, बस ना."

"नको, केक पण आणलाय तुम्ही."

सगळं तळघर डेल्मरकडे बघत होतं. व्हर्नाने झारा उगारला होता. डेल्मर तिसऱ्यांदा म्हणाला, "अर्डिस, तुझ्याशिवाय नाही जमणार आम्हाला."

"बरं," अर्डिस म्हणाली. "आता इतकं म्हणताय तर."

केकवरचं 'निरोप' सुरीने खरवडून टाकलं आणि सगळ्यांनी केक खाल्ला. शेवटचा तुकडा कोणी घेतला नाही. त्याचे अर्धे, मग त्याचेही अर्धे करत तो संध्याकाळपर्यंत ताटलीत राहिला.

दोघं गाडीने घरी निघाली. दोन्ही बाजूंना काळी ओली शेतं पसरली होती. दिवा मागच्या सीटवर होता, पट्ट्याने बांधून.

गाव मागे पडल्यावर अर्डिस समोर बघत म्हणाली, "हॉलमधलाही."

लॉवेलने आरशात पाहिलं आणि वळण घेतलं. "काढतो. आणि जेवणाच्या टेबलावरचा?"

"तोही."

"झोपायच्या खोलीतला?"

अर्डिसने हात पुढे करून गिअरवरच्या त्याच्या हातावर ठेवला.

"तो राहू दे," ती म्हणाली. "त्याच्यात तू चांगला दिसतोस."